गर्भ कीं जलोदर?

आमच्या घराण्यांत मासा हा शब्द पंचांगांतील मीन राशीपुरता आणि दशावतारांतील पहिल्या अवतारापुरताच उच्चारला जात असे. मंडईंत जातांना मासळीची आळी लागूं नये म्हणून आमचे तीर्थरूप दोन फर्लांगांचा वळसा घेत. त्याच घराण्याच्या बैठकींत, थेट लोकमान्यांच्या तसबिरीखालीं, आज तीन फूट लांबीची कांचेची टाकी असून तींत पंधरावीस मासे अहोरात्र फिरत असतात. आणि सकाळची संध्या आटोपतांच आम्ही प्रथम त्यांच्याकडे पाहतों, वर्तमानपत्राकडे मागाहून. हा पालट आमच्या नातवानें घडवून आणला. २०२३ सालच्या उन्हाळ्यांत त्याची मुंज झाली, आणि भिक्षावळींत जमलेल्या पैशांतून त्यानें ही टाकी मागितली. आमच्या धाकट्या बंधूंनीं थोडी कुरकुर केली. परंतु बारा पानांच्या पंक्तींत एकाच्या कुरकुरीला फारसें वजन येत नाहीं.

या टाकीनें आम्हांला एका वर्षांत दोनदां तोंडघशीं पाडलें. ज्यानें पस्तीस वर्षें मुलांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविल्या त्यानें स्वतःच्या चुकांचा पाढा मासिकांत वाचावा, हें आमच्या चिरंजीवांना फारसें रुचलेलें नाहीं. तरीहि लिहितों, कारण आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं नातवंडांच्या हट्टानें अशी टाकी आलेली असेल, आणि तींतील एखाद्या माशाचें पोट फुगलेलें पाहून "ही गाभण आहे" व "ही आजारी आहे" असे दोन पक्ष घरांत पडलेहि असतील.

मासा म्हटला कीं तो अंडीं घालणार, हें आम्ही वर्गांत शिकवीत आलों. तें बहुतेकांविषयीं खरेंहि आहे. परंतु दुकानांत जे स्वस्त व सोपे म्हणून मुलांच्या हातीं देतात ते गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे चारहि मासे जिवंत पिल्लांना जन्म देतात. अंडें मादीच्या पोटांतच राहतें, पिल्लू मुख्यत्वें त्यांतील बलकावर वाढतें, आणि पुरतें पोहतें होऊनच बाहेर पडतें. यांपैकीं गप्पी तर आमच्या जुन्या ओळखीचा निघाला. लहानपणीं वाड्यांतील विहिरींत हिवतापखात्याचा माणूस डबाभर बारीक मासे सोडून जात असे. डासांच्या अळ्या ते खातात. तेच हे. विहिरींतल्या माशांना आम्ही 'गप्पी' म्हणत होतों तें ते गप्प असतात म्हणून, अशी आमची समजूत होती. नातवानें पुस्तक काढून दाखविलें कीं, त्रिनिदाद बेटांतून ब्रिटिश म्यूझियमकडे हे मासे धाडणाऱ्या रॉबर्ट गप्पी नांवाच्या गृहस्थावरून १८६६ सालीं तें नांव पडलें. व्युत्पत्तीच्या बाबतींत नातवाकडून हार खाण्याचा तो आमचा पहिलाच प्रसंग.

नर कोणता व मादी कोणती हें ओळखणें अवघड नाहीं. पोटाखालीं मागच्या बाजूस जो पर असतो तो मादीचा पंख्यासारखा पसरट, तर नराचा काडीसारखा बारीक व लांबट. मादी दुकानांतून घरीं येते ती बहुधा गर्भारच असते. आणि विशेष हें कीं, एकदां नराचा संबंध आल्यावर त्याचें बीज ती कित्येक महिने शरीरांत सांठवून ठेवते, आणि नर नजरेस न पडतांहि एकामागून एक वेतें होत राहतात. एका वेताला साधारण तीन ते साडेचार आठवडे लागतात. पाणी ऊबदार असेल तर कमी, गार असेल तर अधिक. हें ऐकून आमच्या सौभाग्यवतींनीं "मग महाभारतांत नवल तें काय?" असें विचारलें. त्यांचा रोख आदिपर्वांतील अद्रिकेकडे होता. शापानें मासळी झालेल्या त्या अप्सरेच्या पोटांत उपरिचर राजाचें वीर्य गेलें, आणि दहाव्या महिन्यांत कोळ्यांनीं ती पकडून चिरली तेव्हां आंतून एक मुलगा व एक मुलगी निघाली. ती मुलगीच मत्स्यगंधा. नातवाला ही कथा इतकी आवडली कीं आपल्या पहिल्या गप्पी मादीचें नांव त्यानें मत्स्यगंधा ठेविलें.

तिच्यापासूनच आमच्या फजितीला आरंभ झाला.

त्या वर्षीं श्रावण अधिक होता. अधिक महिन्यांतच मत्स्यगंधेचें पोट वाढूं लागलें, आणि निज श्रावण लागतांना तें इतकें टपोरें झालें कीं तिला वळतांना कष्ट पडूं लागले. ती इतर माशांपासून दूर, वनस्पतीच्या आड एका कोपऱ्यांत राही. टाकलेलें अन्न तोंडांत घेई आणि थुंकून देई. श्वास जलद चाले. नातू म्हणाला, "आजोबा, तिला पिल्लें होणार." आम्ही म्हणालों, "नाहीं. हा जलोदर आहे."

इतक्या ठामपणें आम्ही असें कां म्हणालों, तें सांगण्यासाठीं मागें जावें लागेल.

१९६६ सालीं आम्ही आठ वर्षांचे होतों. आमच्या धाकट्या काकूच्या लग्नाला सहा वर्षें होऊन गेलीं होतीं व कूस उजवली नव्हती. त्या वर्षीं तिचें पोट दिसूं लागलें. घरांत आनंदाला पारावार राहिला नाहीं. आजीनें कुलस्वामिनीचा नवस बोलून ठेविला. सातव्या महिन्यांत डोहाळजेवण झालें. काकूला हिरवें लुगडें नेसविलें, फुलांची वाडी घातली, झोपाळ्यावर बसवून बायकांनीं गाणीं म्हटलीं. दोन वाट्या पालथ्या घालून तिच्यापुढें ठेविल्या. तिनें उघडली तिच्याखालीं पेढा निघाला, आणि मुलगा होणार म्हणून आजीनें तो पेढा आम्हांलाच दिला. त्याची चव आम्हांला अजून आठवते. कोणी विचारलें कीं बाळ हालतें काय, तर काकू "हो" म्हणे. ती खोटें बोलत नव्हती. इतकीं माणसें ज्याची वाट पाहतात तें हालल्यासारखें वाटणारच.

नववा महिना गेला, दहावाहि सरत आला. तेव्हां तिला तालुक्याच्या इस्पितळांत नेलें. तिच्या बीजकोशाला पाण्यानें भरलेली मोठी गांठ झालेली होती. शस्त्रक्रिया झाली, काकू वांचली. घरांत तिला कोणीं बोल लाविला नाहीं. परंतु त्या गोष्टीचा उच्चारहि पुन्हां कोणीं केला नाहीं, आणि हें न बोलणेंच तिला अधिक जड गेलें असावें असें आतां वाटतें. पुढें मूल झालें नाहीं. तिचें सारें वात्सल्य आम्हां पुतण्यांच्या वांट्याला आलें. रामरक्षा आम्हांला तिनेंच शिकविली. २००९ सालीं ती गेली तेव्हां तिच्या ट्रंकेच्या तळाशीं तें हिरवें लुगडें एकदांच मोडलेल्या घडीचें सांपडलें.

मॅट्रिक झाल्यावर आम्ही पाठशाळेंत संस्कृत शिकूं लागलों, तेव्हां चरकसंहितेंतील रक्तगुल्माचें प्रकरण वाचनांत आलें. स्त्रियांना होणाऱ्या या गुल्मांत गर्भाचीं बहुतेक लक्षणें उमटतात, परंतु गर्भाचे अवयव जसे वेगवेगळे स्फुरतात तसे येथें स्फुरत नाहींत, सबंध गोळाच हालतो, आणि दहावा महिना उलटल्यावरच त्यावर उपचार करावे, असें आचार्यांनीं सांगून ठेविलें आहे. काकूची गांठ तीच होती असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु गर्भ व रोग एकमेकांचीं सोंगें घेतात, एवढें ज्या पोथींत लिहिलेलें होतें ती पोथी आमच्याच घरांत होती. माळ्यावर, तांबड्या फडक्यांत बांधलेली. तेव्हांपासून कोणाचेंहि वाढलेलें पोट पाहून आम्हांला आधीं रोग आठवतो. आमच्या थोरल्या सूनबाईंच्या वेळीं तीन महिनेपर्यंत आम्हीं पेढे वांटूं दिले नाहींत, हें त्या अजून बोलून दाखवितात.

असो. मत्स्यगंधेला आम्हीं टाकींतून काढून मुरंब्याच्या रिकाम्या बरणींत ठेविलें. बरणींत ना वनस्पति, ना खडे. जुलाबाचें एप्सम मीठ माशांच्या सुजेवर देतात असें वाचलें होतें, तें बेतानें घातलें. आणि लंघन हें परम औषध म्हणून तीन दिवस अन्न बंद ठेविलें. चौथ्या दिवशीं पहांटे नातू उठून बरणीपाशीं गेला आणि तेथूनच त्यानें हांक मारली. मत्स्यगंधेचें पोट सपाट झालें होतें. बरणीच्या तळाशीं डोळे व शेपटी एवढींच दिसणारीं दोन पिल्लें कांचेला चिकटल्यासारखीं बसलीं होतीं, आणि तिसऱ्याचा पाठलाग त्याची आईच करीत होती. आमच्या देखत तिनें तें गिळलें.

किती झालीं होतीं तें कळण्यास मार्ग नाहीं. तिच्या आकाराच्या गप्पीला वीसपंचवीस पिल्लें सहज होतात. या माशांना आपलें पिल्लू व आपलें अन्न यांतील भेद कळत नाहीं. टाकींत दाट शेवाळ असतें तर पिल्लांना लपण्यास जागा मिळाली असती, आणि मादी तीन दिवसांची उपाशी नसती तर कांहीं वांचलीं असतीं. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरांतून येऊन बरणीकडे पाहून म्हणाल्या, "अहो, काकूंचें तुम्ही अजून विसरलां नाहीं." दुसरें कांहीं त्या बोलल्या नाहींत. नातू मात्र दिवसभर आमच्याशीं बोलला नाहीं.

यानंतर मनुष्य करतो तेंच आम्हीं केलें. एका बाजूला पडलों होतों, तें उठून दुसऱ्या बाजूला पडलों. घरांतील प्रत्येक फुगलेलें पोट आम्हांला गर्भाचें दिसूं लागलें.

त्या डिसेंबरांत एका आप्तांच्या घरचें कार्य असल्यामुळें सर्व मंडळी आठ दिवस कोंकणांत गेलों. मासे उपाशी राहूं नयेत म्हणून शेजारच्या मुलाला किल्ली दिली होती, आणि त्या मुलानें फार प्रेमानें मूठमूठ अन्न टाकिलें. परत आलों तों पाणी गढूळ, तळाशीं कुजलेल्या अन्नाचा थर, आणि रात्रींची थंडी अशी कीं हात बुडविला तर शहारा यावा. पाणी तापविण्याचा हीटर आम्हीं अनावश्यक खर्च म्हणून घेतला नव्हता. टाकींत एक काळी मॉली होती. दोन दिवसांत तिचें पोट एकदम वाढलें. ती कोपऱ्यांत राहूं लागली, अन्न घेईना, श्वास जलद. हींच तीं लक्षणें! नातवानें शंका काढली तेव्हां या वेळीं आम्हींच "हिला पिल्लें होणार" असें सांगून त्याला निश्चिंत केलें. आणि पिल्लें वांचावीं म्हणून तिला बाळंतपेटींत ठेविलें. टाकीच्या आंत अडकविण्याची ही एक लहानशी जाळीची पेटी असते. आमच्या घरांत तिला बाळंतिणीची खोली म्हणतात.

तिसऱ्या दिवशीं नातू स्टुलावर चढून वरून डोकावला व म्हणाला, "आजोबा, ही सीताफळासारखी दिसते." आम्हीं चष्मा लावून पाहिलें. तिचा एकेक खवला अंगापासून सुटून वर उभा राहिला होता. डोळेहि बाहेर आले होते.

आम्ही लगबगीनें माशांच्या दुकानांत गेलों. तेथें गल्ल्यावर अठराएकोणीस वर्षांचा एक मुलगा बसतो. आमचें सर्व कथन त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाला, "काका, मासा समोरनं नका बघू. वरनं बघा." मग त्यानें एका टाकींतील गाभण मादी व एका बादलींत वेगळी काढलेली आजारी मादी अशा दोन्ही आम्हांला वरून दाखविल्या. पस्तीस वर्षें आम्हीं फळ्याजवळ उभें राहून जें केलें तें त्यानें पांच मिनिटांत केलें.

तें त्यानें दाखविलेलें, व मागाहून आम्हीं पाहून ताडून घेतलेलें, असें आहे. गर्भाचें पोट हळूहळू, तीनचार आठवड्यांत वाढतें. तें खालच्या अंगाला व पुढें भरत जातें, आणि प्रसूतीच्या आधीं बाजूनें पाहिलें असतां गोल न राहतां खोक्यासारखें चौकोनी दिसूं लागतें. मागें, मळद्वाराजवळ, एक त्रिकोणी डाग असतो. तो दिवसेंदिवस मोठा व गडद होतो, आणि फिकट रंगाच्या मादींत शेवटीं शेवटीं पिल्लांचे डोळेसुद्धां काळ्या ठिपक्यांसारखे आंतून दिसतात. काळ्या मॉलींत हा डाग दिसणें शक्यच नाहीं. तेथें आमच्यासारख्याची फसगत ठरलेली. जलोदराचें पोट दोनतीन दिवसांत वाढतें, चहूंकडून वाढतें, आणि पुढें खवले पिंजारतात. गर्भारपणांत खवले कधींहि उभे राहत नाहींत. नराचें पोट फुगलें तर प्रश्नच उरत नाहीं. पोट एकाच बाजूला वाढलें तर आंत गांठ असण्याचा संभव. आणि पोट फुगून पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा लोंबत असेल तर बहुधा मलावरोध, कधीं जंत. साध्या मलावरोधाला एक दिवस लंघन व मग उकडून साल काढलेल्या मटारच्या दाण्याचा कण पुरतो. कोपऱ्यांत बसणें, अन्न टाकणें, धाप लागणें यांवरून मात्र कांहींच ठरत नाहीं. प्रसूति जवळ आलेली व मरण जवळ आलेली या दोघीहि तशाच वागतात. आम्हीं दोन्ही खेपांना नेमकें यांवरच बोट ठेविलें होतें.

जलोदर हा स्वतः रोग नसून आंतील बिघाडाचें चिन्ह आहे, असेंहि तो मुलगा त्याच्या भाषेंत म्हणाला. घाणेरड्या व गार पाण्यानें माशाची शक्ति खचते, जंतु आंत शिरतात, मूत्रपिंडें काम सोडतात, आणि अंगांत पाणी सांचतें. ऐतरेय ब्राह्मणांत हरिश्चंद्रानें वरुणाला दिलेलें वचन पाळलें नाहीं तेव्हां वरुणानें त्याला धरिलें व त्याचें पोट फुगलें, असें आख्यान आहे. जलाचा अधिपति कोपला म्हणजे पोटांत जल भरतें, ही कल्पना आम्हीं वर्गांत नेहमीं काव्य म्हणून सांगितली. मॉलीच्या बाबतींत ती अक्षरशः खरी होती. तिच्या पाण्याचें वचन आम्हींच मोडलें होतें.

मॉलीला वेगळें काढून ऊबदार पाणी दिलें, वीस लिटरांस सपाट चमचा याप्रमाणें तेंच एप्सम मीठ घातलें. परंतु खवले उभे राहिल्यावर मासा वांचणें विरळा. चौथ्या दिवशीं ती गेली. नातवानें तिला पारिजातकाच्या कुंडींत पुरलें. हात धुऊन आल्यावर त्यानें विचारलें, "आजोबा, तुम्हांला माहीत नव्हतं, तर तुम्ही माहीत नाही असं का नाही म्हणालात?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हांला देतां आलें नाहीं. काकूच्या वेळीं आजीला हा प्रश्न कोणीं विचारला असता तर तिलाहि देतां आलें नसतें. डोहाळजेवणाच्या दिवशीं माजघरांत बसलेल्या तीसचाळीस बायकांपैकीं एकीला तरी संशय आला असेल. ती बोलली नाहीं, कारण वाट्या मांडून झाल्या होत्या. आणि काकूनें स्वतः रात्रीं अंधारांत पोटावर हात ठेवून काय ओळखलें होतें, तें तिनें त्रेचाळीस वर्षांत कोणालाहि सांगितलें नाहीं. आम्हींहि कधीं विचारलें नाहीं.

त्या आठवड्यांत हीटर आला. पाणी आतां पंचवीस ते सत्तावीस अंशांवर राहतें. दर रविवारीं चतुर्थांश पाणी बदलतों; नळाच्या पाण्यांतील क्लोरीन उडून जावा म्हणून तें आदल्या दिवशींच पिंपांत भरून ठेवितात, आणि त्या पिंपाला कोणीं हात लावावयाचा नाहीं असा सूनबाईंचा हुकूम आहे. अन्न दिवसांतून दोनदां, मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेंच. टाकीच्या एका बाजूला जावा मॉस नांवाचें शेवाळ दाट वाढविलें आहे. कुरकुर करणारे धाकटे बंधु आतां पाणी बदलतांना नळी धरतात.

२०२४ च्या गुढीपाडव्याला एका केशरी प्लॅटीचें पोट किंचित् भरल्यासारखें दिसलें. नातवानें वही घेतली व विचारलें, "आजोबा, काय लिहूं?" आम्ही म्हणालों, "आजची तारीख लिही. पोट मोठें दिसतें, एवढेंच लिही. पुढची जागा कोरी ठेव." त्यानें तसें लिहिलें. मग रोज सायंकाळीं दिवेलागणीनंतर तो स्टुलावर चढून तिला वरून पाही, आणि वहींत तिच्या पाठीची आकृति काढी. बाजूनेंहि एक काढी व डाग पेन्सिलीनें रंगवी. खवले नीट बसलेले आहेत असें रोज लिही. घरांतील मंडळी विचारीत, तेव्हां आम्ही दोघेहि "अजून ठाऊक नाहीं" असें सांगत असूं. असें सांगण्याची आम्हांला संवय नव्हती. पहिले चारआठ दिवस जड गेलें. बाराव्या आकृतींत डाग मोठा दिसला. विसाव्या आकृतींत पोटाला कोपरे आले. तिला आम्हीं हालविलें नाहीं, उपाशी ठेविलें नाहीं, बाळंतिणीच्या खोलींतहि घातलें नाहीं.

सव्विसाव्या दिवशीं, अक्षय्यतृतीयेस पांच दिवस असतांना, सकाळीं संध्येहून उठलों तों शेवाळांतून एक डोळा आमच्याकडे पाहत होता. मग दुसरा दिसला. नातवाला उठवून आणिलें. दुपारपर्यंत त्यानें सतरा मोजलीं. वहींतील कोरी जागा त्यानें आमच्याकडून भरून घेतली, म्हणाला, "तुमचं अक्षर चांगलं आहे." उकडलेल्या अंड्याचा बलक कुसकरून पिल्लांना देतात असें दुकानांतील मुलानें सांगितलें होतें, परंतु तो प्रस्ताव आमच्या सौभाग्यवतींनीं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच नामंजूर केला, पिल्लें बोटानें चुरलेल्या कोरड्या अन्नावर वाढलीं. सतरांपैकीं चौदा मोठीं झालीं. त्यांतील सहा सूनबाईंच्या माहेरीं गेलीं आहेत, आणि त्यांच्याबरोबर नातवानें एक कोरी वहीहि पाठविली आहे.